लिमलेटची गोळी, रावळगाव आणि आमच्या गल्लीतले गोळीवाले अण्णा : तुमच्या आठवणी येऊ द्या

पायवाट

काल पुण्याहून साताऱ्याला आईकडे निघाले होते. एसटी खंबाटकी चढायला लागली आणि पुढच्या सीटवरची पाचेक वर्षांची मुलगी एकदम गप्प झाली. आई बिचारी पिशवी शोधतेय, तेवढ्यात पलीकडच्या आजींनी पुडी सोडली आणि संत्र्याच्या फोडीसारखी लिमलेटची गोळी तिच्या तोंडात घातली. "चोख गं. चावू नको." घाट संपेपर्यंत पोर खिडकीतून म्हशी मोजत होती.

"चोख, चावू नको" हे मी शेवटचं ऐकलं ते आमच्या अण्णांच्या तोंडून. काल रात्री झोपच नाही आली, म्हणून लिहितेय.

आमच्या गल्लीत एका वाड्याच्या मागच्या सोप्यात गोळ्यांची भट्टी होती. अण्णा, काकू आणि सणासुदीला मदतीला एखादा मुलगा, एवढाच कारखाना. शाळा सुटली की आम्ही चारपाच जण खिडकीच्या गजांना लटकलेले. मोठ्या कढईत साखर आणि ग्लुकोजचा पाक उकळत असायचा. थर्मामीटर वगैरे काही नाही. थेंब गार पाण्याच्या वाटीत टाकायचा, बोटांनी मोडायचा. टक् वाजला की पाक झाला. मग तो तेल लावलेल्या फरशीवर ओतायचे. रंग, संत्र्याचा अर्क, आणि लिंबूफूल अगदी शेवटी, पाक जरा निवल्यावर. कढत पाकात आंबट घातलं तर गोळी पुढे चिकट होते, असं ते आम्हालाच सांगायचे, जणू उद्या आम्हीच भट्टी चालवणार.

आणि मग तो खेळ. भिंतीत एक लोखंडी आकडा होता. पाकाचा गोळा त्याच्यावर टाकायचा, ओढायचा, परत टाकायचा, परत ओढायचा. काचेसारखा आरपार दिसणारा पाक बघता बघता रेशमाच्या लडीसारखा पांढरा व्हायचा. मी एकदा विचारलं, यात काय घातलंत? म्हणाले, "वारा."

(किती खरं होतं ते नंतर कळलं. ओढताना हवाच तर शिरते आत.)

१४ ऑगस्टला मात्र खिडकी बंद. शाळांच्या गोळ्यांची ऑर्डर असायची आणि पावसाळी हवेत साखर पाणी ओढून घेते, म्हणून दारंखिडक्या लावून कोपऱ्यात शेगडी पेटवून रात्रभर काम. आम्हाला दिसायचं काही नाही, गल्लीभर वास तेवढा. सकाळी झेंडावंदन झालं की हातावर ती गोळी पडायची. बाकीची पोरं पटकन तोंडात टाकायची. मी घरी येईपर्यंत मुठीत धरायची. आमच्या खिडकीतली गोळी होती ना ती.

लोकहो, तुमचा कोण होता गोळीवाला? सांगा.

कैरीची फोड

घाटातली लिमलेट!! वरंध्यात मी तीन तीन खायचे. उपयोग शून्य 😄 पण गोळ्या मिळायच्या म्हणून मळमळतंय म्हणायचे

वाटाणा

सुंदर लिहिलंय. "वारा" वर थांबलो.

आमच्याकडे भट्टी नव्हती पण घड्याळवाला यायचा. खांद्यावर बांबू, बांबूच्या टोकाला गुलाबी चिकट मिठाईचा गोळा, वर टाळ्या वाजवणारी बाहुली. दोरी ओढली की बाहुली टाळ्या वाजवणार. मिठाईची तार ओढून मनगटावर घड्याळ बांधून द्यायचा, काटे, पट्टा सगळं. मोर पण करायचा. मी घड्याळ खायचोच नाही, संध्याकाळपर्यंत किती वाजले ते सगळ्यांना सांगत फिरायचो. एकदा तसाच झोपलो. सकाळी हाताला मुंग्या, चादरीला मुंग्या, शेजारी झोपलेल्या भावालाही मुंग्या. आईने दोघांना धुतलं.

मोसमकाठ

मालेगावकडचा आहे, त्यामुळे रावळगाववर लिहायला मीच हवा.

आमच्या भागात गोळी मागतच नसत. "रावळगाव द्या" म्हणायचं. गावाचं नाव म्हणजेच गोळी. बाहेरगावी शिकायला गेलो तर मुलांना वाटायचं रावळगाव ही फक्त कंपनी, असं गावच नाही. मी शपथा घेऊन सांगायचो की आहे हो, मालेगाव तालुक्यात आहे, आमचं आजोळ आहे तिकडे.

उद्योगपती वालचंद हिराचंद मूळ सोलापूरचे. १९२३ मध्ये त्यांनी रावळगावला खडकाळ, पडीक अशी सुमारे १,५०० एकर जमीन घेतली. माझे आजोबा सांगायचे, लोक म्हणत होते शेटजी दगड विकत घेतायत. त्या दगडांवर पाणी आणून ऊस उभा केला, १९३३ ला साखर कारखाना, आणि १९४२ ला गोळ्या. विचार करा, ४२ साल! ज्या माणसाने जहाजं, विमानं, मोटारी या देशात बनवायचं मनावर घेतलं, त्यानेच माझ्या बालपणीच्या खिशातली गोळी पण दिली. मला आजही याचा अभिमान वाटतो.

मँगो मूड, कॉफी ब्रेक, टूटी फ्रूटी, पान पसंद. पान पसंद आजीची. दात नव्हते, पान जमायचं नाही, मग ती गोळी गालात धरून बसायची आणि तासभर बोलायची नाही.

फेब्रुवारी २०२४ ला बातमी वाचली की या सगळ्या गोळ्यांची नावं आणि कृती रिलायन्सने २७ कोटींना घेतल्या. मुंबईत चांगल्या भागात तेवढ्यात चारदोन फ्लॅट येतात. मी ऑफिसात होतो, उठून बाहेर जाऊन उभा राहिलो थोडा वेळ. कुणाला सांगणार.

जिरेसाळ

@मोसमकाठ मिठी. खरंच.

वाढदिवसाला वर्गात रावळगावच वाटायचो आम्ही. बाईंना दोन, सगळ्यांना एक, आणि जिवलग मैत्रिणीला हळूच दुसरी. ती दुसरी गोळी कुणाला मिळते यावर वर्षभराची भांडणं चालायची. मला चौथीत मिळाली नव्हती. अजून लक्षात आहे 🙂

तिठा

पान पसंदची टीव्हीवरची, लग्नाला नाही म्हणणाऱ्या मुलीची जाहिरात कोणकोणाला आठवते? आमच्या चाळीत लग्न ठरलेल्या प्रत्येक मुलीला पोरं त्यावरून चिडवायची.

कैरीची फोड

आठवते!! आणि गोळ्यांचे कागद? लाल कागद डोळ्याला लावून सगळं जग लाल बघायचं. पिवळा लावला की दुपार. दोन्ही टोकांना पीळ घातलेल्या कागदाची बाहुली व्हायची, मधे चिमटायची, वर डोकं, खाली झगा. माझ्याकडे ३० बाहुल्यांची शाळा होती बुटाच्या खोक्यात

ओटा

कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते.

आमचं किराणा दुकान होतं, तालुक्याच्या गावी. म्हणजे मी गोळ्यांच्या पलीकडच्या बाजूची. पुढच्या फळीवर काचेच्या बरण्या एका ओळीत: लिमलेट, श्रीखंडाच्या गोळ्या, पेपरमिंट, बडीशेपेच्या रंगीत, जिरागोळी, चिंचेची गोळी, मग रावळगाव. क्रम बाबांनी ठरवलेला, गिऱ्हाइकाच्या उंचीप्रमाणे. लहान मुलांच्या डोळ्यासमोर पाच पैशांची बरणी यायला हवी, महागाची नाही. "पोराने बोट दाखवलं आणि आईला नाही म्हणावं लागलं, असं आपल्या दुकानात नको." हे बाबांचं वाक्य मी माझ्या मुलांना कितीदा सांगितलंय.

आणि सुट्ट्या पैशांऐवजी गोळी द्यायची नाही, हा पण नियम. आजूबाजूची दुकानं सर्रास द्यायची. बाबा चार आणे शोधत बसायचे, वहीत लिहून ठेवायचे. २०११ च्या जूनअखेर २५ पैशांचं नाणं बंदच झालं तेव्हा डबाभर चार आणे उरले होते गल्ल्यात. गोळ्या पण मग आधी आठ आण्याला, पुढे रुपयाला एक. रुपयाच्या आत गोळीच राहिली नाही. मुठीत पाच पैसे घेऊन एकटं येणारं पोर येईनासं झालं, आईबापांबरोबर येऊ लागलं आणि मोठं चॉकलेट मागू लागलं. बाबांना ते जाणवायचं. बरण्या कमी होत गेल्या पण लिमलेटची त्यांनी शेवटपर्यंत काढली नाही.

शिट्टी झाली. येते परत.

वाटाणा

@ओटा तुमच्या बाबांना नमस्कार.

उंबरठा

मी पार्ल्याची. गाडी स्टेशनात शिरली की डबाभर बिस्किटांचा वास, डोळे मिटून उतरावं. १९२९ चा तो पार्ले कंपनीचा कारखाना, आणि तिथे आधी बिस्किटं नव्हे, गोळ्या बनायच्या, संत्र्याच्या! २०१६ ला बंद झाला. अजूनही पूर्वेला उतरले की नाक आपोआप वर होतं.

बाकी किसमी टॉफी कोणी कशी लिहिली नाही अजून? वेलचीची? हे काय बरोबर नाही.

तिठा

किसमी!! माझं पहिलं प्रेमपत्र किसमीच्या कागदात गुंडाळून दिलं होतं. तिने टॉफी खाल्ली आणि कागद टाकला, चिठ्ठीसकट.

जिरेसाळ

अरेरे 😄😄 आता कुठे असते ती?

तिठा

स्वयंपाकघरात. विचारतो थांब, तिला आठवतंय का.

सहा समुद्र

न्यू जर्सीहून. इथे सकाळ आहे, डोळे भरून आले वाचताना. दर भारतवारीत आई सामानात श्रीखंडाच्या गोळ्या कोंबते, मी म्हणते नको, इथे कोण खातंय. मग फेब्रुवारीत बर्फ पडलेला असतो आणि मीच कपाटामागे उभी राहून खात असते. मुलगा विचारतो व्हॉट इज दॅट फ्लेवर. श्रीखंड त्याला माहीत आहे, पण ही चव श्रीखंडाची नाहीच! मग कसली? मला सांगता आलं नाही. त्या गोळीचीच चव ती.

घडवंची

विषय थोडा सोडून, पण काट्याचा हलवा कोणी घरी करतं का? माझी आत्या करायची संक्रांतीला. मंद आचेवर परात, त्यात खसखस नाहीतर साबुदाणा, चमच्याने थेंब थेंब पाक आणि बोटांनी हलवत राहायचं, तासन् तास. दोन दोन दिवस चालायचं. पाक जास्त पडला की काटा जातो, दाणे एकमेकांना चिकटतात. बोटांची टोकं भाजून गुळगुळीत झाली होती तिची. माझ्या मुलीच्या बोरन्हाणाचा मुकुट आणि हार तिने केलेले. अण्णांचं वाचून तिचे हात आठवले.

दगडी पाटा

एसटी स्टँडवर "आऽऽलेपाक, आलेपाक घ्याऽ" ओरडणारा विसरलात सगळे. घसा बसला, प्रवास, मळमळ, सगळ्याला एक औषध.

ओटा

आले परत. @दगडी पाटा आलेपाकाचं प्रमाण आहे का कुणाकडे? बाजारातला हल्ली नुसती साखर लागतो.

दगडी पाटा

आलं सोलून वाटून घ्यायचं, एक वाटी. साखर दोन वाट्या. जाड बुडाच्या कढईत सारखं ढवळत आटवायचं, कडा सोडून गोळा फिरायला लागला की तूप लावलेल्या ताटात थापायचं. गरम असतानाच वड्या कापा. जून आलं नको, दोरे येतात.

पायवाट

अरे बापरे, दुपारभर आईबरोबर होते, इतके प्रतिसाद! सगळे आईला वाचून दाखवले. @ओटा तुमच्या बाबांचं ऐकून ती म्हणाली, अण्णा पण असेच होते.

काही जणांनी विचारलंय अण्णांचं पुढे काय झालं. मुलं नोकरीला मुंबईला गेली. पॅकबंद गोळ्या आल्यावर दुकानदार सुट्या घेईनात, शाळाही हळूहळू तयार पाकिटं आणू लागल्या. मी कॉलेजात असताना भट्टी बंद झाली. अण्णा नंतर बरीच वर्षं होते, ओट्यावर बसायचे.

एक सांगायचं राहिलं. थंडीत आम्ही गज धरून उभे असायचो तेव्हा बोटं बधिर व्हायची. अण्णा पाकाची दोरी कापून झाली की उरलेलं शेपूट, अजून ऊन ऊन असलेलं, आमच्या तळव्यावर ठेवायचे आणि वरून मूठ मिटायचे. त्यांच्या हाताला चटका कळतच नसे, कातडं टणक झालेलं. आम्हाला मात्र देण्याआधी ते गालाला लावून बघायचे, पोराला भाजेल का म्हणून.

आज वाड्यात जाऊन आले. सोप्यात आता कुणाची तरी स्कूटर लावलेली असते. आकडा आहे अजून भिंतीत. त्याला हेल्मेट अडकवलंय.

मोसमकाठ

गालाला लावून…

काय बोलू.

तिठा

विचारलं. आठवत नाही म्हणाली. आणि म्हणाली, आता दे परत लिहून.

ओटा

@दगडी पाटा केला आलेपाक. चव अगदी स्टँडवरची. पण वड्या पडल्याच नाहीत हो, सगळा चुरा झाला. वाटीचमचा घेऊन खातोय.

दगडी पाटा

जास्त आटला. पुढच्या वेळी गोळा झाला की एक चमचा दूध घालून लगेच उतरवा. आणि तो चुरा टाकू नका, चहात घाला.