ईसीजी आता नॉर्मल, तरी रक्त पातळ करायची गोळी कशाला?

खानापूरकर:
बाबांचं वय 71, बीपी आहे, साखर नाही. ईसीजीत एट्रिअल फिब्रिलेशन निघालं. बेळगावात परत काढला तर नॉर्मल. तरी एपिक्साबान 5 मिग्रॅ दोन वेळा चालूच ठेवा म्हणतात. महाग पडते. एस्पिरिन 75 चालणार नाही का?

ईको_टेबल:
नाही चालणार. या आजारात हृदयाचे वरचे कप्पे आकसत नाहीत, मिनिटाला 350 ते 600 वेळा नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला बोटाएवढी पिशवी असते, अपेंडेज. तोंड अरुंद, आत घड्या. रक्त साचतं ते तिथंच. अन्ननलिकेतून केलेल्या ईकोत ते धुरासारखं घोळताना दिसतं. झडपेचा आजार नसेल तर दहातल्या नऊ गुठळ्या याच पिशवीत. सुटली की महाधमनीतून मेंदूत.

साचलेल्या रक्ताची गुठळी मुख्यतः फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठताना होणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांची. एस्पिरिन प्लेटलेटवर (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींवर) काम करतं, त्यामुळं इथं ते तोकडं पडतं. रक्तस्रावाचा धोका मात्र राहतोच.

नॉर्मल ईसीजी म्हणजे दहा सेकंदांची पट्टी हो! हा ताल येतो-जातो. ताल सुधारला तरी कप्प्याची ताकद यायला काही आठवडे जातात. पक्षाघाताचा धोका मोजायच्या गुणांकनात 65 ते 74 वयाचा 1, बीपीचा 1. पुरुषाला 2 झाले की गोळी.

निपाणी_मेडिकल:
पैसे वाचवायला गोळी अर्धी करू नका. 2.5 चा डोस कधी? वय 80 किंवा जास्त, वजन 60 किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) 1.5 किंवा जास्त, यातलं दोन लागू असेल तेव्हा. दोनतीन वेळा गोळी चुकली की संरक्षण संपलंच समजा. विसरली तर त्याच दिवशी आठवताच घ्या, दुप्पट नको. गुडघेदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन परस्पर नेऊ नका, पॅरासिटामॉल बरं. क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तरी तपासा. दात काढायचा असला तरी गोळी आपल्या मनानं बंद नको.

खानापूरकर:
शेजारच्या काकूंना वॉर्फरिन आहे, ती स्वस्त. ती घेतली तर?

ईको_टेबल:
काकूंची मायट्रल झडप अरुंद असेल, संधिवाताच्या तापानंतर होते तशी. तिथं किंवा धातूची झडप असेल तर वॉर्फरिन किंवा त्याच जातीची ॲसिट्रॉमच. बाबांनाही चालेल, पण आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) 2 ते 3 मध्ये ठेवायला वरचेवर रक्त तपासावं लागतं. मेथी, पालक बंद करायची नाही. एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, तसं केलं की आयएनआर हलतो.

आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर थेट बेळगावला, सीटी असलेल्या दवाखान्यात. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साधारण साडेचार तासांचाच अवधी असतो. शेवटची गोळी किती वाजता घेतली ते आधी सांगा, ते इंजेक्शन द्यायचं का हे त्यावरून ठरतं.