‘मजहबी’, ‘रामदासिया’, ‘रामगढिया’: शीख समाजातील जातिनामे

प्रश्न : ‘मजहबी शीख’ म्हणजे ‘कट्टर धार्मिक शीख’ असा अर्थ एका लेखात दिलेला वाचला. तो बरोबर आहे का? तसेच पंजाबच्या अनुसूचित जातींच्या यादीत ‘रामदासी’ हा शब्द आढळतो; त्याचा समर्थ रामदासांशी काही संबंध आहे का?

उत्तर : दोन्ही शंकांचे उत्तर नकारार्थी आहे. ‘मजहब’ या अरबी शब्दाचा अर्थ धर्म, म्हणून ‘मजहबी’ म्हणजे ‘धर्मातला’, ही व्युत्पत्ती चुकीची नाही. परंतु पंजाबात हा शब्द जातिनाम म्हणूनच चालतो. झाडलोट आणि मैला उचलण्याचे काम ज्यांच्यावर लादले गेले होते, त्या चुहडा जातीतून शीख झालेल्यांना हे नाव पडले. (चुहडा हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो; येथे तो केवळ खुलाशापुरता आला आहे.) गुरू तेगबहादुरांचे शिर १६७५ मध्ये दिल्लीहून आनंदपुरास पोहोचवणारे भाई जैता याच समाजातले होते आणि ‘रंगरेटे गुरु के बेटे’ (रंगरेटे, म्हणजे याच समाजातले लोक, गुरूचे पुत्र आहेत) असे म्हणून गुरू गोविंदसिंगांनी त्यांचा गौरव केला, असे परंपरा सांगते. म्हणजे पंथात आपलेसे केल्याची खूण म्हणून जे नाव आले, तेच पुढे वेगळेपणाची खूण ठरले.

‘रामदासिया’ अथवा ‘रामदासी’ हे नाव चौथे गुरू रामदास यांच्यावरून आले आहे. चर्मकार समाजातील, विशेषतः विणकाम करणारे जे शीख झाले, त्यांच्यासाठी ते रूढ झाले. सज्जनगडाशी त्याचा काहीही संबंध नाही. ‘रविदासिया’ हे संत रविदासांवरून आलेले नावही वेगळे धरावे.

या नावांमधील एक समान धागा मला महत्त्वाचा वाटतो. सुतारकाम करणारे तरखाण ‘रामगढिया’ झाले ते अमृतसरच्या रामगढ किल्ल्यावरून नाव मिळालेल्या सरदार जस्सासिंगामुळे, आणि मद्य गाळणारे कलाल ‘अहलुवालिया’ झाले ते लाहोरजवळच्या अहलू गावच्या दुसऱ्या जस्सासिंगामुळे. (दोघेही अठराव्या शतकातले आणि दोघेही मिसलींचे, म्हणजे शिखांच्या लढाऊ जथ्यांचे, सरदार, तेव्हा त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये.) शेतकरी जट्ट आणि व्यापारी खत्री व अरोडा यांची नावे मात्र जुनीच राहिली. ज्यांच्याकडे जमीन किंवा पेढी होती आणि ज्यांच्यापैकी खत्र्यांतून दहाही गुरू आले, त्यांना नवे नाव घेण्याची निकड कशाला भासावी?

नाव बदलले म्हणून वागणूक बदललीच असे नाही. १२ ऑक्टोबर १९२० रोजी खालसा बिरादरी या शीख संघटनेच्या पुढाकाराने नव्याने अमृत घेतलेले (म्हणजे शीख दीक्षा घेतलेले) दलित शीख कडाह प्रसाद (शिऱ्याचा प्रसाद) घेऊन अमृतसरच्या दरबार साहिबात, म्हणजे सुवर्णमंदिरात, गेले, तेव्हा पुजाऱ्यांनी तो स्वीकारण्यास आणि अरदास (प्रार्थना) करण्यास नकार दिला. अखेर गुरू ग्रंथसाहिबातून हुकमनामा घेण्यात आला, म्हणजे ग्रंथ उघडून समोर आलेले पद गुरूची आज्ञा म्हणून वाचण्यात आले. तो त्यांच्या बाजूचा निघाल्यावर प्रसाद स्वीकारला गेला. मंडळी तेथून समोरच्या अकाल तख्ताकडे, शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाकडे, वळली, तर तेथील पुजारी आधीच निघून गेले होते. गुरुद्वारा सुधारणेच्या चळवळीला येथूनच जोर आला.

कायद्याच्या भाषेतही हीच गुंतागुंत उतरली. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. अपवाद केला तो पंजाबकडील मजहबी, रामदासी, कबीरपंथी आणि सिकलीगर या चार शीख जातींचा. १९५६ मध्ये शिखांसाठी ही अट सैल झाली. यांपैकी सिकलीगर, म्हणजे हत्यारे घडवणारे व घासूनपुसून चकाकवणारे, हे नाव नांदेडकरांना परके नाही.

पुरवणी प्रश्न : मग ‘छिंबा’ म्हणजे आपल्याकडील शिंपी असे म्हणता येईल का?

उत्तर : जवळपास, परंतु तंतोतंत नव्हे. छिंबा किंवा छीपा म्हणजे मूळचा कापडावर ठशांनी छपाई करणारा. शिवणकाम हाही या समाजाचा व्यवसाय आहे. गुरू ग्रंथसाहिबातील आपल्या पदांत संत नामदेव स्वतःला ‘छीपा’च म्हणवतात आणि पंजाबातील छिंबा शीख आपले नाते नामदेवांशी जोडतात. २०१५ चे मराठी साहित्य संमेलन ज्या घुमान गावी भरले, ते गुरदासपूर जिल्ह्यातील नामदेवांचे स्थान आहे. म्हणून मराठीत लिहिताना मूळ शब्द तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी एका वाक्यात व्यवसाय सांगावा. ‘शिंपी शीख’ असे भाषांतर केल्यास छपाईचा मूळ धंदाच नजरेआड होतो.