बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही हडपसरकडे राहतो. टँकर परवडत नाही म्हणून सोसायटीची बोअर वापरतो. दहा-बारा दिवसांपासून पाण्याला पेट्रोलचा वास येतोय. बादली रात्रभर ठेवली तर सकाळी वर इंद्रधनुष्यासारखा तवंग. सासूबाईंच्या हातांवर पुरळ आलंय. त्याच पाण्याचं आहे की कसं, देव जाणे.

शेजारीच पेट्रोल पंप आहे. जमिनीखालची टाकी गळत असावी असा संशय, पण पुरावा नाही. चेअरमन म्हणतात, "उकळून वापरा." अहो, पेट्रोल उकळायचं? वाफ पेटली तर! शिवाय त्यातल्या बेंझिनने कॅन्सर होतो. पिण्याच्या पाण्यात त्याची डब्ल्यूएचओची मर्यादा लिटरला फक्त 0.01 मिलिग्रॅम आहे, म्हणजे तवंग काढून पाणी शुद्ध होत नाही. बोअर सध्या बंद ठेवलीय.

पुण्यात बेंझिनची तपासणी कोणती लॅब करते? नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ भरायचा ना? आणि तक्रार आधी वाकडेवाडीला प्रदूषण मंडळात करायची, की पंपाच्या टाक्यांना परवाना देणाऱ्या पेसोकडे? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.