शब्दचर्चा: 'युद्धखंडणी', 'युद्धदंड' की 'युद्धाची भरपाई'?

तापीकाठ (अमळनेर)
आमच्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा आहे. विषय ठरला, 'आक्रमक राष्ट्राकडून युद्धखंडणी वसूल करता येते'. फलकावर लिहायच्या आधीच स्टाफरूममध्ये दोन तट पडले. इतिहासवाले म्हणतात खंडणी हाच मुरलेला शब्द. राज्यशास्त्रवाले नुकसानभरपाईवर अडून बसलेत. कुणीतरी मध्येच 'युद्धदंड' काढला. जाणकारांनी सांगावं.

मोडीवाचक (धुळे)
सर, खंडणी नको. खंडणे म्हणजे आकडा ठोक ठरवणे. शेत खंडाने देतात तोच हा खंड. १६७० च्या सुमारास शिवाजी महाराजांच्या फौजांनी आपल्याच खानदेशातल्या गावांकडून चौथाईचे करार लिहून घेतले, तेव्हा कुणाचं किती नुकसान झालं याचा हिशेब मांडला नव्हता. समोरच्याची ऐपत आणि आपलं बळ, एवढ्यावर आकडा. १८७१ मध्ये जर्मनीने फ्रान्सकडून ५ अब्ज फ्रँक घेतले. लढाई जवळपास सगळी फ्रान्सच्या भूमीवर झाली होती, म्हणजे मोडतोड फ्रान्सची आणि पैसेही फ्रान्सचे! १८७३ मध्ये शेवटचा हप्ता पोचला तेव्हा जर्मन फौजा हलल्या. याला भरपाई कोण म्हणेल?
हैतीचं तर आणखी उलटं. गुलामांनी लढून स्वातंत्र्य मिळवलं, आणि १८२५ मध्ये किनाऱ्यावर युद्धनौका उभ्या करून फ्रान्सने त्यांच्याकडूनच १५ कोटी फ्रँक कबूल करून घेतले. मळेवाल्यांचं नुकसान झालं म्हणून! कागदावर भरपाई, व्यवहारात खंडणी.

केळीवाला (रावेर)
मोडीवाचक नाना, मान्य. पण 'नुकसानभरपाई'त एक खोट आहे. आमच्याकडे वादळात केळी आडवी झाली की तलाठी पंचनामा करतो, मग भरपाई येते (आली तर). ती देतं सरकार, आणि वादळ काही सरकारने आणलेलं नसतं. म्हणजे भरपाई देणारा गुन्हेगार असलाच पाहिजे असं आपल्या भाषेत नाही. तुमच्या विषयात तर दोष कुणाचा हाच मुद्दा आहे ना भो?

अहिराणी माणूस (साक्री)
आमनाकडे 'नुसकानी' म्हंतस. त्यात नुकसानही आलं आणि पैसेही आले.

तालुका कोर्ट (चाळीसगाव)
केळीवाले भाऊंचा मुद्दा बिनतोड आहे, पण म्हणून 'दंड' घेऊ नका. दंड मुळात सरकारजमा होतो, कोर्टाने वेगळा हुकूम केला तरच ज्याचं घर पडलं त्याच्या हाती त्यातलं काही येतं. शिवाय पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाचा अनुभव आहे. १९१९ च्या तहातल्या २३१व्या कलमाने जर्मनीवर जबाबदारी टाकली, १९२१ मध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्कांचा आकडा ठरला, आणि सामान्य जर्मन माणसाने ते सगळं दंड म्हणूनच वाचलं. पैसे थोडे आले, राग भरपूर साठला. त्या काळातल्या कर्जरोख्यांचा शेवटचा हप्ता जर्मनीने २०१० मध्ये फेडला.
कायद्यात कल्पना साधी आहे. १९२८ मध्ये खोर्झोव कारखान्याच्या खटल्यात तेव्हाच्या कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने (आजच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या पूर्वसुरीने) म्हटलं की चुकीच्या कृत्याचे सगळे परिणाम शक्य तेवढे पुसले गेले पाहिजेत. म्हणजे आधी जे घेतलं ते परत द्या, ते जमत नसेल तर पैसे द्या, आणि जिथे पैशानेही भागत नाही तिथे चूक कबूल करा. आपली 'भरपाई' यातल्या मधल्या पायरीला नेमकी बसते.
खरी मेख तुमच्या 'वसूल' या शब्दात आहे. कोर्टात हुकूमनामा मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही, त्यासाठी वेगळी दरखास्त लावावी लागते. जप्ती आणायला बेलीफ लागतो. देशांच्या बाबतीत हुकूमनामा निघतो, बेलीफ नसतो. निकाराग्वाने १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात अमेरिकेविरुद्ध निकाल मिळवला. अमेरिकेने तो मानला नाही, सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरला, आणि १९९१ मध्ये निकाराग्वाने दावाच मागे घेतला. काँगोला युगांडाविरुद्ध निकाल २००५ मध्ये मिळाला. रक्कम ठरायला २०२२ उजाडलं. मागितले होते ११ अब्ज डॉलरहून जास्त, मंजूर झाले साडेबत्तीस कोटी, पाच वार्षिक हप्त्यांत. पहिला हप्ता मात्र युगांडाने भरला, हेही सांगायला हवं.

सातपुडा (नंदुरबार)
'मोबदला' कुणी सुचवू नये म्हणून आधीच लिहिते. तो कायद्याने जमीन घेतल्यावर मिळतो. इथल्या धरणग्रस्तांना विचारा.
वकीलसाहेब, वसूल झाल्याचं उदाहरण आहे की. कुवेत!

तालुका कोर्ट (चाळीसगाव)
ताई, तिकडेच येत होतो. सुरक्षा परिषदेच्या १९९१ च्या ठराव ६८७ ने कुवेतवरच्या हल्ल्याबद्दल इराकला जबाबदार धरलं आणि त्याच्या तेलाच्या उत्पन्नातून ठरावीक हिस्सा कापला जाऊ लागला, आधी ३० टक्के, पुढे बराच कमी. सुमारे १५ लाख दावेदारांना मिळून ५२.४ अब्ज डॉलर दिले गेले; २०२२ मध्ये खातं बंद झालं. कुवेतहून अंगावरच्या कपड्यांनिशी परतलेल्या भारतीय कामगारांनाही त्यातून ठोक रकमा मिळाल्या. हे जमलं, कारण इराक हरला होता आणि त्याच्या तेलाच्या पैशावर संयुक्त राष्ट्रांचा हात होता. रशियाचं यातलं अर्धंच लागू पडतं. सुमारे ३०० अब्ज डॉलर परदेशात गोठवलेत, बराचसा पैसा बेल्जियममध्ये, पण रशिया हरलेला नाही. त्या पैशावरच्या नफ्याच्या भरवशावर २०२४ मध्ये युक्रेनला ५० अब्जांचं कर्ज ठरलं; मुद्दलाला हात लावावा की नाही यावर युरोपातच घोळ. रशियाने भरपाई द्यावी असा ठराव आमसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये केला, भारत त्यात तटस्थ होता.
आणि आपण स्वतः काय केलं? १९५२ च्या तहात जपानकडच्या भरपाईवर भारताने पाणी सोडलं. आमच्या भाषेत हक्कसोड.

मोडीवाचक (धुळे)
'आक्रमक'बद्दल कुणीच बोलेना. हल्ली आक्रमक फलंदाज असतो, आंदोलकही आक्रमक होतात; शब्दाला कौतुकाचा वास आलाय. 'आगळीक करणारे राष्ट्र' म्हणा, त्यात कुरापत कुणी काढली ते येतं. अर्थात ते ठरवणार कोण हा प्रश्न उरतोच. जानेवारी १८१८ मध्ये होळकरांनी तहात खानदेश इंग्रजांना दिला, आणि पुढच्याच महिन्यात थाळनेरच्या किल्लेदाराने किल्ला लढवला म्हणून जनरल हिस्लॉपने त्याला फाशी दिलं. तहाच्या कागदाप्रमाणे आगळीक किल्लेदाराची!

तापीकाठ (अमळनेर)
ठरलं. 'आगळीक करणाऱ्या राष्ट्राकडून युद्धाची भरपाई वसूल करता येते.'

केळीवाला (रावेर)
सर, 'वसूल'ऐवजी 'मागता' करा, मुलांना सोपं जाईल.

तालुका कोर्ट (चाळीसगाव)
मग वाद कसला राहिला? मागायला कुणाची बंदी आहे? 'वसूल'च ठेवा.

तापीकाठ (अमळनेर)
'वसूल'च राहील. अनुकूल बाजूला कुवेत, प्रतिकूल बाजूला निकाराग्वा सुचवतो. युगांडा ज्याने आधी उचलला त्याचा.