आईची झोपेची गोळी: बंद करायची की राहू द्यायची? मदत हवी आहे

आई ७२ वर्षांची, देवगडजवळ गावी एकटी असते. बाबा गेल्यावर झोप येईना म्हणून अल्प्राझोलाम ०.२५ सुरू झाली, 'महिनाभर घ्या' म्हणून. त्याला ११ वर्षं झाली. आता ०.५ आहे. गणपतीत पहाटे उठली आणि पडवीत तोल जाऊन पडली. हाड वाचलं, नशीब. ह्या वयात अशा गोळ्यांनी तोल जातो, विसरभोळेपणा वाढतो, हे मला तेव्हा कळलं.

एक डॉक्टर म्हणतात बंद करा, दुसरे म्हणतात आता कशाला त्रास देता. एकदम बंद करायची नाही, फिट येऊ शकते, एवढं नक्की. गेल्या पावसात दोन दिवस गोळ्या मिळाल्या नाहीत, तर हात असे थरथरत होते की चहाची बशी वाजत होती. आई मात्र स्वतःच आडाळ्यावर (विळीवर) गोळी अर्धी करायला बसते, कधी पाव निघते, कधी पाऊण!

कुणी घरच्या वयस्कर माणसाची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केली आहे का? किती महिने लागले? मधे झोपेचं काय केलंत? रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत न्यावं म्हणते, पण नाव ऐकूनच आई म्हणते, "माका काय येड लागला?" तिला कसं समजवू?