बालरोगाची पोस्टिंग: सुपरस्पेशालिटी हवी की साधी ओपीडी पुरे?

राजवाडा_इंदूर: माझा भाचा इथे एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बालरोगात त्याला वॉर्ड, ओपीडी आणि लसीकरण एवढंच मिळतं. माझं स्पष्ट मत आहे की मुलांचं हृदय, किडनी, कर्करोग आणि नवजात अतिदक्षता, अशा प्रत्येक सुपरस्पेशालिटी विभागात निदान एक आठवडा सक्तीचा हवा. फॅलोटचं, म्हणजे जन्मतः हृदयात दोष असलेलं बाळ रडताना निळं पडलं की त्याचे गुडघे छातीशी दाबून धरायचे असतात. हे पुस्तकात सगळेच वाचतात, पण एकदा पाहिलेलं असेल तर ऐन वेळी हात चालतो.

निवृत्त_बालरोगतज्ज्ञ: ताई, माझा विरोध आहे. 2020 च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीत मध्य प्रदेशात हजार जन्मांमागे 43 अर्भकं दगावली. देशाचा आकडा 28 होता. त्यातली बहुतेक दुर्मिळ आजारांनी जात नाहीत. कमी वजन, जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, हगवण, हीच कारणं. झाबुआ-अलिराजपूरकडून आलेलं बाळ आईच्या मांडीवर शांत असताना, दूध पीत नसताना, अंगावरचं झबलं वर करून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला 60 किंवा जास्त, वर्षाच्या आत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 भरले तर श्वास जलद, म्हणजे न्यूमोनियाची शंका. पोरं पंधरा सेकंद मोजून चाराने गुणतात! तान्ह्यांचा श्वास एकसारखा चालत नाही, हिशेब चुकतोच. दंडाचा घेर 11.5 सेंटीमीटरच्या आत आला तर ते तीव्र कुपोषण, हे टेप लावूनच कळतं. आधी हे हातात बसू दे.

इंटर्न_बाई: सर, तुमचं पटतं, पण ओपीडीतही आम्ही पीजींच्या, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या मागे तिसऱ्या रांगेत उभे असतो आणि शेवटी लॉगबुकवर सही घेतो. सुपरस्पेशालिटीत तर राउंड डोक्यावरून जातो. माझ्या मते एका विद्यार्थ्याला एक खाट द्यावी आणि त्या बाळाची रोजची नोंद त्यानेच ठेवावी. नर्सरीत, म्हणजे नवजात बाळांच्या विभागात, कांगारू केअर (बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देणं) देताना सिस्टरांनी बाळ माझ्या हातात दिलं, तेवढंच मला नीट येतं.

टिळकनगरची_आई: मी डॉक्टर नाही. मुलीचे डोळे सकाळी सुजायचे, एका दवाखान्यात ॲलर्जीचं औषध चालू होतं. पुढे नेफ्रोटिक सिंड्रोम निघाला, म्हणजे लघवीतून प्रोटीन जाण्याचा किडनीचा आजार. त्या डॉक्टरांनी शिकताना किडनीचा विभाग पाहिला असता तर? मी राजवाडा ताईंच्या बाजूने.

निवृत्त_बालरोगतज्ज्ञ: वाचून वाईट वाटलं. पण लघवीत प्रोटीन जातंय का, हे पट्टी बुडवून मिनिटात कळतं. ते साध्या ओपीडीतच शिकायचं असतं, त्याला वेगळी पोस्टिंग लागत नाही.

राजवाडा_इंदूर: सर, कमी वजनाच्या बाळांचं तुम्हीच सांगितलंत, तेव्हा नवजात विभागाबद्दल आपलं जुळतं, त्यावर वाद नको. पण सुजलेल्या डोळ्यांचं मूल त्या मोजक्या आठवड्यांत ओपीडीत आलंच नाही तर? किडनीच्या क्लिनिकला तशी मुलं हमखास भेटतात. पूर्ण आठवडा देऊ नका हवं तर, पण सकाळची ओपीडी झाल्यावर आठवड्यातली एक दुपार तिथे पाठवा. आणि इंटर्न बाई म्हणतात तशी प्रत्येकाला एक केस द्या. याला तरी तुमचा विरोध आहे का?

निवृत्त_बालरोगतज्ज्ञ: दुपारला नाही. सक्तीच्या आठवड्यांना आहे, आणि तो राहील.