ब्लॅक-फिगर, रेड-फिगर, बुकेरो : मराठीत काय म्हणावे?

अनुवादक
ग्रीक आणि एट्रुस्कन (प्राचीन मध्य इटलीतले लोक) कलेवरच्या मराठी मजकुरात 'ब्लॅक-फिगर'ला 'काळी मृद्भांडी', 'रेड-फिगर'ला 'तांबडी मृद्भांडी' आणि 'व्हाज'ला 'फुलदाणी' म्हटलेले दिसते. हे बरोबर आहे का? आणि 'एट्रुस्कन व्हाज' म्हणजे नेमके काय?

खापरखुणा
'फुलदाणी' आधी काढून टाका. यात कोणी फुले ठेवत नसे. अँफोरा वाइन-तेल साठवायला, हायड्रिया पाण्याला, क्रेटर वाइनमध्ये पाणी मिसळायला, कायलिक्स प्यायला. हायड्रियाला तीन कान असतात: दोन आडवे उचलण्यासाठी, एक उभा ओतण्यासाठी. सगळ्यांनाच 'कलश' म्हटले की हा फरक गेला. मूळ नाव ठेवून पहिल्या उल्लेखात काम सांगावे. सरसकट शब्द हवाच असेल तर 'चित्रित भांडी'.

'काळी मृद्भांडी'ही चूक, कारण दोन्ही रंग दोन्ही प्रकारांत आहेत. एकात आकृती काळी आणि भोवतालची माती तांबूस-केशरी, दुसऱ्यात उलट. म्हणून 'कृष्णाकृती' आणि 'रक्ताकृती'. 'काळी-तांबडी भांडी' तर मुळीच नको. आपल्या पुरातत्त्वात ती संज्ञा आधीच दिलेली आहे. विदर्भात माहुरझरी, नायकुंड इथल्या शिळावर्तुळांत मिळणारी, आतून व काठाशी काळी आणि खाली तांबडी अशी भांडी त्या नावाने ओळखतात.

आवा
'रक्ताकृती' वाचून भलतेच चित्र डोळ्यांपुढे येते. 'लाल आकृतीची शैली' साधे आणि पुरेसे आहे.

त्याहून मोठी चूक म्हणजे या भांड्यांवरच्या काळ्या थराला 'काळी झिलई' म्हणणे. झिलई म्हणजे काचेचा थर. अथेन्सच्या भांड्यांवरचा काळा थर हा मातीचाच लेप. लोहयुक्त माती पाण्यात कालवून जाड कण खाली बसू द्यायचे आणि वरचा अतिसूक्ष्म भाग आटवून दाट करायचा. लावताना तो काळा नसतोच. रंग भट्टीत येतो, एकाच भाजणीच्या तीन टप्प्यांत:

पहिला, हवा खेळती ठेवून सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत. भांडे आणि लेप दोन्ही तांबडे.
दुसरा, झरोके बंद करून ओले लाकूड घालायचे, तापमान ९०० ते ९५०. ऑक्सिजन तुटतो, सगळेच काळे पडते. याच वेळी लेपाचे कण वितळून एकमेकांना चिकटतात आणि थर बंद होतो.
तिसरा, झरोके पुन्हा उघडून निववत आणायचे. भांड्याचे सच्छिद्र अंग हवा घेऊन परत तांबडे होते. लेपात हवा शिरत नाही, तो काळाच राहतो.

दुसऱ्या टप्प्यात आच कमी पडली तर लेप बंद होत नाही आणि शेवटी तोही तांबडा होतो. तिसरा टप्पा आवरता घेतला तर अंग राखाडी राहते. भांडी एकमेकांना चिकटून रचली तर तिथे तांबडे डाग उरतात. संग्रहालयांत असे डाग पुष्कळ दिसतात. तेव्हा 'काळा चकचकीत लेप' म्हणा.

खापरखुणा
सहमत. कृष्णाकृती इ.स.पू. ७०० च्या सुमारास ग्रीसमधल्या कॉरिंथमध्ये, बहुधा अत्तराच्या कुप्यांवर सुरू झाली. बारकावे भाजण्यापूर्वी टोकदार हत्याराने लेपातून कोरायचे, स्त्रियांची त्वचा पांढऱ्या मातीने. रक्ताकृती अथेन्सची, इ.स.पू. ५३०-५२० च्या आसपासची. तिथे रेघ कोरायची नसते, कुंचल्याने ओढायची असते. लेप पातळ केला की तपकिरी छटाही मिळते. वळलेले खांदे, स्नायू, वस्त्राच्या चुण्या तिथून खुलल्या. संक्रमणकाळातल्या काही भांड्यांवर एका बाजूला एक शैली, दुसऱ्या बाजूला दुसरी. त्यांना इंग्रजीत 'बायलिंग्वल' म्हणतात, पण मराठीत 'द्विभाषिक' म्हटल्यास वाचक दोन लिप्या शोधत बसेल. 'दुशैली' बरे.

अनुवादक
आणि एट्रुस्कन?

आवा
हा गोंधळ जुना आहे. अथेन्सची उत्तमोत्तम भांडी इटलीत, एट्रुस्कन थडग्यांत सापडली, त्यामुळे १८ व्या शतकात ती सरसकट एट्रुस्कन मानली गेली. इंग्लंडमध्ये वेजवूड या कुंभकाम-उद्योजकाने १७६९ साली सुरू केलेल्या कारखान्याचे नाव 'एट्रुरिया' ठेवले ते याच समजातून. चित्रकार क्लेइतियास आणि कुंभार एर्गोतिमोस यांच्या सह्यांचा प्रसिद्ध 'फ्रान्स्वा' क्रेटरही इटलीतल्या चिउसीजवळ सापडलेला, पण काम अथेन्सचे. सह्यांतही फरक आहे: 'एग्राप्सेन' म्हणजे चितारले, 'एपोइएसेन' म्हणजे घडवले. दोन्हींना 'बनवले' लिहू नये.

खास एट्रुस्कन म्हणजे बुकेरो हे काळे मृद्भांडे, इ.स.पू. ७ व्या शतकापासूनचे, इटलीतल्या चेर्वेतेरी भागातले. वर सांगितलेला तिसरा टप्पा त्यात नाहीच, म्हणून खापर मोडले तरी आत काळेच. चकाकी लेपाची नाही, घोटाईची. धातूच्या भांड्यांची नक्कल, सुरुवातीचे अगदी पातळ, नंतरचे जाड आणि साच्यातल्या नक्षीचे. मूळ शब्दच ठेवा.

खापरखुणा
एक पुरवणी: एट्रुस्कन कारागिरांनी रक्ताकृतीची नक्कलही केली, पण सुरुवातीची पद्धत वेगळी. सबंध भांडे काळे करून वर तांबडी माती चढवायची आणि तीत रेघा कोरायच्या. इथे आकृती हे उघडे अंग नसून वरून दिलेला थर आहे, म्हणून ती खपली धरून उडते आणि खाली काळा लेप दिसतो. अशा भांड्याच्या पाटीवर 'रक्ताकृती' न लिहिता 'वरून रंगवलेली तांबडी आकृती' लिहावे.